सव्विसावा मासा

कॅनडात साधी गरी टाकायलाही सरकारी परवाना लागतो, हे ऐकल्यावर अब्बांनी एवढेच विचारले, "पाणी कुणाचं?"

"सगळ्यांचं," धाकटा भाऊ फोनवरून म्हणाला. "म्हणूनच लागतो."

अब्बांना ते काही रुचले नाही. सावित्रीच्या खाडीकाठी त्यांचे सारे आयुष्य गेले. बाणकोटच्या तोंडापासून आंबेतपर्यंत कोणत्या वळणावर, कोणत्या भरतीला कोणता मासा लागतो हे त्यांना तोंडपाठ आहे. पाणी, चारा आणि विस्तव यांत सगळ्यांचा वाटा असतो ही हदीसची शिकवण आम्हांला लहानपणी त्यांनीच होडीत बसून समजावलेली. आता त्याच पाण्यासाठी कागदपत्रे दाखवून परवाना घ्यायचा, हा कुठला न्याय, असे त्यांचे म्हणणे होते.

मे महिन्याच्या सुट्टीत अब्बांना घेऊन आम्ही भावाकडे मिसिसागाला गेलो होतो. टोरोंटोला लागून असलेले हे शहर. आपल्याकडची बरीच मंडळी त्या भागात स्थिरावली आहेत, तेव्हा वाचकांपैकी काहींच्या घरी हे नाव रोजचे असेल. भावाने जुनी, 18 फुटांची एक होडी घेतली आहे आणि उन्हाळ्यात सवड मिळेल तेव्हा तो सहकुटुंब ईरी सरोवरात 'पर्च' गरवायला जातो. अब्बा येणार म्हटल्यावर त्याने महिनाभर आधी सगळी तयारी करून ठेवली होती, परवान्यासकट.

परवान्याचे प्रकार दोन. 'स्पोर्ट' परवान्यावर ईरी सरोवरात एका माणसाला दिवसाला 50 पर्च ठेवून घेता येतात, तर स्वस्तातल्या 'कन्झर्व्हेशन' परवान्यावर 25. तिथे राहणाऱ्या 18 वर्षांखालील मुलांना परवाना विकत घ्यावा लागत नाही, पण मर्यादा त्यांनाही पाळावीच लागते. भावाकडे मोठा परवाना होता, भाभींकडे छोटा. अब्बांसाठी पाहुण्यांना मिळणारा 8 दिवसांचा घेतला, तोही छोटाच. म्हाताऱ्या माणसाला 25 मासे पुष्कळ झाले, असा भावाचा हिशेब. आम्ही परवाना काढलाच नाही. गरी धरण्यापेक्षा बघण्याची हौस मोठी. मग ओघानेच आमच्याकडे वही आली. कुणी किती काढले ते लिहायचे. मास्तरकी करणाऱ्याला हजेरी घेण्याचे काम कुठेही मिळते!

फज्रची नमाज घरीच पढून निघालो. दीड-दोन तासांत पोर्ट डोव्हर. सरोवराच्या उत्तर काठावरचे हे जुने मासेमारीचे गाव तळलेल्या पर्चसाठी त्या साऱ्या परिसरात प्रसिद्ध आहे. धक्क्यावर उभे राहून अब्बांनी पाण्याकडे पाहिले आणि पैलतीर शोधू लागले. पैलतीर दिसतच नाही. अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या पाच महासरोवरांपैकी हे आकाराने चौथे, तरी त्याचे क्षेत्रफळ सुमारे 25,700 चौरस किलोमीटर आहे. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही जिल्हे त्यात ठेवले तरी जागा उरेल. अब्बांनी पाणी चाखून पाहिले. "गोडं," ते म्हणाले, जणू कुणी फसवेल अशी शंका होती.

दुसरा प्रश्न भरतीचा. समुद्राएवढे पाणी आणि भरती-ओहोटी नाही, हे खाडीच्या माणसाला कसे पटावे? धक्क्याच्या खांबांवर पाण्याच्या जुन्या खुणा वेगवेगळ्या उंचीवर दिसत होत्या, त्यांच्याकडे ते बोट दाखवत राहिले. त्यांची नजर बरोबर होती. या सरोवराची भरती वाऱ्याने येते. पश्चिमेकडून जोराचा वारा सुटला की पाणी पूर्वेच्या टोकाला लोटले जाते आणि दोन टोकांच्या पातळीत कधी कधी 2 मीटरहून जास्त फरक पडतो. वारा पडला की तेच पाणी परातीतल्या पाण्यासारखे मागे हिंदकळते. त्यात ईरी पाचांमध्ये सर्वांत उथळ. सरासरी खोली 19 मीटर. उथळ पाण्यात लाटा चटकन उठतात आणि एकामागून एक आखूड, उभ्या येतात. म्हणून हवेचा अंदाज पाहिल्याशिवाय भाऊ होडी सोडत नाही. तिथल्या नियमाप्रमाणे होडीत माणशी एक जीवरक्षक जाकीट असावे लागते. अब्बांना ते घालायला लावणे हे त्या दिवसाचे सर्वांत अवघड काम होते. नऊ वर्षांच्या नातीने ते पार पाडले.

आता पर्च म्हणजे काय ते सांगतो. वीतभर लांबीचा, पिवळसर अंगाचा मासा. पाठीवरून पोटाकडे उतरणारे काळपट हिरवे पट्टे, पोटाखालचे पर नारिंगी. पाठीवर काटेरी तुरा. पोहतो कळपाने, तळाच्या जवळ, आणि खातो दिवसा. अंधार पडला की गप्प. आपल्या रायगडच्या जिताड्यालाही इंग्रजीत पूर्वी 'जायंट पर्च' म्हणत, पण ते नावापुरते. हा जिताड्यापुढे लेकरूच.

त्याला गरवण्याची रीत मात्र अब्बांना परकी नव्हती. दोरीच्या टोकाला शिसे, त्याच्या वर हात-दीड हाताच्या अंतरात दोन गळ. शिसे तळाला टेकले की जरा वर उचलायचे आणि थांबायचे. आमिष म्हणून मीठ लावलेले बारके मासे होते. जिवंत किडा गळाला टोचणे उलेमांनी नापसंत केले आहे. मेलेल्या आमिषावर भागत असेल तर तेच बरे, ही काळजी भाभी घेतात. बाकी, मासळीला जबह लागत नाही हे सर्वांना माहीतच आहे. तरी अब्बा दर वेळी गरी सोडताना बिस्मिल्लाह म्हणत होते आणि त्यांचे ऐकून नातही म्हणू लागली.

भाऊ यंत्राच्या पडद्यावर कळप शोधत होता. 25-30 फूट पाण्यात नांगर टाकला. सुरुवातीचा पाऊण तास काहीच नाही. मग अब्बांची गरी हलली. पर्च ओढत नाही, टिचक्या मारल्यासारखा चाखतो. नातवाला त्या टिचक्या कळत नव्हत्या, तो घाई करून रिकामा गळ वर काढी. अब्बांनी त्याची काठी बाजूला ठेवली, दोरी त्याच्या बोटावर दिली आणि म्हणाले, "डोळ्यानं नको बघू. बोटानं ऐक." चौदा वर्षांचा मुलगा, एरवी हातातला मोबाइल सोडत नाही, तो दोरीवर बोट ठेवून अर्धा तास तसाच बसला. आजोबांचे मराठी त्याला अर्धेच समजते, त्याचे इंग्रजी आजोबांना अजिबात नाही. पण त्यानंतर त्याचा एकही मासा सुटला नाही. गळावरून मासा काढताना डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवून काटेरी तुरा कसा दाबून टाकायचा तेही अब्बांनीच दाखवले. शिंगटीच्या काट्याने ज्याचे हात एकदा सुजले आहेत, त्याला हे वेगळे शिकावे लागत नाही.

साडेनऊनंतर मासा असा लागू लागला की वहीत लिहायला उसंत मिळेना. भावाचे 20, भाभींचे 11, नातवाचे 14, नातीचे 6. अब्बांचे 24. पुढच्या खेपेला अब्बांनी दोरी ओढली तर दोन्ही गळांना एकेक मासा. पंचवीस आणि सव्वीस.

आम्ही मोठ्याने आकडा सांगितला. होडीत एकदम शांतता. दहाही वाजले नव्हते. कळप खाली होता आणि होडीतला सर्वांत तरबेज माणूस संपला होता.

उपाय नातवाने लगेच शोधला. "छोटीच्या नावावर लिहा ना. तिला 50 पर्यंत चालतात, तिचे तर सहाच आहेत." हिशेबाच्या दृष्टीने त्यात काही खोट नव्हती. होडीतले सगळे मासे मिळून मर्यादेच्या आसपासही नव्हते. भाऊ काही बोलेना. बाप 75 वर्षांचा, पुन्हा येईल न येईल, आणि आत्ता कुठे त्याचा चेहरा खुलला होता. भाभींनी पाण्याकडे तोंड फिरवले. सगळे आमच्या वहीकडे पाहत होते.

"कायदा काय सांगतो?" अब्बांनी विचारले.

"ज्यानं काढला त्याच्याच खाती," भाऊ हळूच म्हणाला. "दुसऱ्याच्या नावावर धरता येत नाही."

"मग झालं." अब्बांनी हात ओला केला, दोघांतला धाकटा मासा गळावरून अलगद सोडवला आणि पाण्यात ठेवला. क्षणभर तो तिथेच राहिला, मग खाली गेला. अब्बांनी दोरी गुंडाळली.

"दादाजान, इथं कोण बघतंय?" नातवाचा आवाज रडवेला झाला होता. त्याला वाटत होते की आजोबांवर अन्याय झाला आणि आपल्या बापाने तो होऊ दिला.

"शनिवारवाल्यांनाही असंच वाटलं होतं," अब्बा म्हणाले. योगायोगाने तो दिवस शनिवारचाच होता. शनिवारवाले म्हणजे कोण, हे नातवाला ठाऊक नव्हते.

कुरआन शरीफमध्ये सूरह आराफमध्ये हा किस्सा येतो. समुद्रकाठची एक वस्ती. बनी इस्राईलच्या या लोकांना शनिवारी मासेमारी मना होती. आणि नेमके शनिवारीच मासे पाण्याच्या वर तरंगत येत, इतर दिवशी दिसत नसत. तफसीरकार सांगतात की काहींनी युक्ती काढली. शुक्रवारी जाळी लावून ठेवायची नाहीतर खड्डे खणून ठेवायचे, शनिवारी हात लावायचा नाही आणि रविवारी जाऊन उचलायचे. शब्द पाळला, हुकूम मोडला. वस्तीत तीन तट पडले. एक युक्ती करणारे. दुसरे त्यांना रोखणारे. तिसरे स्वतः काही न करणारे, पण रोखणाऱ्यांनाच म्हणणारे की यांना सांगून उपयोग काय? रोखणारे वाचले, युक्ती करणाऱ्यांवर अजाब आला. तिसऱ्यांचे काय झाले, यावर तफसीरमध्ये बरीच चर्चा आहे.

वर्गात हा किस्सा सांगितला की मुले पहिल्या दोन तटांवर थांबतात. मोठ्यांनी मात्र तिसऱ्याजवळ जरा जास्त वेळ थांबावे असे आम्हांला वाटते. कारण होडीत त्या क्षणी युक्ती करणारा एक पोरगा होता, रोखणारे एक आजोबा, आणि बाकीचे आपण सगळे सभ्य, सुशिक्षित, गप्प. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यासाठी नियम वाकवायचा असला की तो वाकवणे आपल्याला चांगुलपणासारखे दिसते. अडचण तिथे आहे. लोभासाठी वाकवणारा निदान स्वतःला ओळखून असतो.

अब्बांनी हा किस्सा नातवाला आपल्या बोलीत सांगितला, भावाने मध्ये मध्ये इंग्रजी केले. मुलाने एकच शंका काढली: "पण त्यांना मनाई अल्लाहने केली होती. ही तर गव्हर्नमेंटची आहे." प्रश्न चांगला होता. अब्बांनी त्याला उलट विचारले, की सरकारने हा आकडा कशासाठी ठरवला? त्याचे उत्तर भावाला माहीत होते.

ईरी सरोवरात 'ब्लू पाईक' नावाचा मासा असे. निळसर झाक असलेला, खायला फार चांगला. एकेकाळी तो वर्षाला लाखो किलोंनी निघत असे. 1950 च्या दशकाच्या अखेरीस तो अचानक येईनासा झाला आणि 1983 मध्ये नामशेष म्हणून जाहीर झाला. बेसुमार मासेमारी हे एक कारण, पाण्याची नासाडी हे दुसरे. शहरांचे सांडपाणी, कपडे धुण्याच्या पावडरीतला फॉस्फरस आणि शेतातले खत सरोवरात उतरत होते. त्यावर शेवाळ माजे, ते कुजताना तळाचा प्राणवायू खाऊन टाकी. 1960 च्या दशकात वर्तमानपत्रे ईरीला मेलेले सरोवर म्हणू लागली. सरोवराला मिळणाऱ्या क्लीव्हलंडच्या कायहोगा नदीच्या पाण्यावर इतके तेल तरंगत होते की 1969 मध्ये नदीलाच आग लागली. मग 1972 मध्ये अमेरिका आणि कॅनडाने पाण्याच्या शुद्धतेचा करार केला. मासेमारीसाठी दोन्ही देशांचा संयुक्त आयोग त्याआधीपासूनच होता. आता ईरीतून किती पर्च काढायचा याचा आकडा दरवर्षी नव्याने ठरतो आणि तो व्यापारी बोटींनाही बांधून ठेवतो.

सरोवर पुरते बरे झालेले नाही. 2014 च्या ऑगस्टमध्ये टोलेडो शहराच्या पाण्यात शेवाळाचे विष उतरले आणि 4 लाखांहून अधिक लोकांना दोन-तीन दिवस नळाचे पाणी पिता आले नाही. ते उकळूनही उपयोग नव्हता, उकळल्याने विष जात नाही. पण पर्च टिकला. अब्बांची गरी हलली ती त्या आकड्यांमुळे.

पुढचे दोन तास अब्बा रिकाम्या हाताने बसून राहिले. नातवाच्या दोरीवर नजर, मधून मधून "आत्ता" एवढेच. वारा फिरला तसे दुपारच्या आत परतलो. वहीत शेवटी भावाचे 41, भाभींचे 18, नातवाचे 23, नातीचे 9 आणि अब्बांचे 25 होते. एकूण 116. धक्क्यावर कुणीही तपासायला आले नाही.

आमचे मत विचाराल तर 116 सुद्धा जास्तच. कायद्याची मर्यादा म्हणजे तेवढे काढलेच पाहिजेत असे नव्हे. भाभी तर निघण्यापूर्वीच म्हणाल्या होत्या की डीप फ्रीजरमध्ये मागच्या वर्षीचे अजून पडले आहेत. ऑन्टारियोच्या कायद्यात खाण्याजोगा मासा काढून तो वाया घालवणेही गुन्हा आहे. आपल्याकडे त्याला इसराफ म्हणतात. भाभींनी संध्याकाळपर्यंत चार घरी वाटे पोचते केले, दोन आपल्या कोकणातली, एक हैदराबादी आणि एक शेजारच्या पोलिश आजीबाईंचे.

मासे साफ करताना भाभी आणि अब्बांचे जरा वाजले. भाभी दोन्ही बाजूंनी काटेविरहित पट्ट्या काढतात. मासा वाटेत नेताना जात ओळखता यावी म्हणून पट्टीवर कातडीचा तुकडा ठेवावा लागतो, तोही त्या ठेवतात. अब्बांना डोके आणि काटा फेकून देणे सहन होईना. शेवटी त्यांचे 25 त्यांनीच खवले खरवडून अख्खे ठेवले. पर्चचे खवले भलतेच चिवट असतात. निम्म्यांचे आमसूल घालून सालन झाले, निम्मे हळद, तिखट आणि आले-लसूण लावून तांदळाच्या पिठात घोळवून तळले. मांस पांढरे, गोडसर, मुडदुशीच्या जातीचे. नातवाने त्या दिवशी पहिल्यांदा काटे काढून मासा खाल्ला.

परतल्यावर अब्बांच्या बोलण्यात तो आकडा सारखा येतो. मशिदीबाहेरच्या कट्ट्यावर त्यांनी हा किस्सा सांगितला तेव्हा मंडळी हसली. आपल्या खाडीत कोण मोजणार? वरच्या अंगाला कारखाने आले, वाळू उपसली गेली, आणि जाळ्यांची आस इतकी बारीक झाली की बोटाएवढी पिल्लेही सुटत नाहीत. मोठा जिताडा लागला तर आता त्याचे फोटो फिरतात. नियम आपल्याकडेही आहेत. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीची माहिती सगळ्यांना असते. 2023 मध्ये महाराष्ट्र शासनाने समुद्री माशांच्या 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान मासा पकडू नये म्हणून. हे मात्र बाजारात मासळी घ्यायला येणाऱ्यांपैकी किती जणांच्या कानावर आहे, ते टोपलीतल्या तळहाताएवढ्या पापलेटांवरून समजते. आपण घेतो म्हणून ती येतात, असे अब्बांनी एका शुक्रवारी कट्ट्यावर म्हटले. त्यावर कुणी वाद घातला नाही, पण विषय बदलला.

डिसेंबरात नातू इकडे यायचा आहे. त्याला पाग फेकायला शिकवायचा बेत आहे. अब्बांचा जुना पाग उंदरांनी खाल्ला, म्हणून ते जाळी विणणाऱ्या पोराकडे गेले आणि दोन बोटे आरपार जातील एवढ्या आसेचा नवा पाग मागितला. असला पाग हल्ली कुणी मागत नाही, मुद्दाम विणावा लागेल, महिना-दीड महिना जाईल, असे तो म्हणाला. अब्बांनी आगाऊ पैसे देऊन ठेवले आहेत.